सर्व्हर अडतो कुठे?

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकन सरकारचे हेल्थकेअर डॉट गव्ह हे आरोग्यविम्याचे संकेतस्थळ सुरू झाले आणि पहिल्या दिवशी त्यावर अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. लाखो लोक पान उघडण्याची वाट बघत बसले होते. ठेकेदार किती होते, जबाबदारी नेमकी कोणाची होती, चाचण्यांना वेळ का दिला नाही, यावर पुढे रकानेच्या रकाने लिहिले गेले. दुरुस्तीसाठी गेलेल्या पथकाला मात्र तिथे एक साधी गोष्ट सापडली नाही. यंत्रणेचा कोणता भाग किती वेळ घेतो आहे हे एका नजरेत दाखवणारा डॅशबोर्डच नव्हता. पथकाने आधी तो उभा केला. मग पुन्हापुन्हा लागणारी माहिती दरवेळी डेटाबेसकडून मागवण्याऐवजी कॅशमध्ये ठेवली. डिसेंबर उजाडेपर्यंत पानाचा प्रतिसाद ८ सेकंदांवरून १ सेकंदाच्या आत आला आणि चुकांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली उतरले. मधल्या काळात नवी यंत्रेही जोडली होती आणि शेकडो बग निस्तरले होते, पण कशाला आधी हात घालायचा हे ठरवता आले ते मोजायला लागल्यावरच.

एंटरप्राइझ ॲप्लिकेशन सर्व्हरच्या परफॉर्मन्सवर गेल्या पंचवीस वर्षांत जे लिहिले गेले त्यातला बराच भाग सेटिंगचा आहे: हीप, म्हणजे जावाची कामाची मेमरी, किती ठेवा, थ्रेड किती ठेवा, कोणता फ्लॅग लावा. हा मजकूर प्रचंड आहे आणि बहुतांशी शिळा झालेला आहे. जावा १.४ च्या काळातला सल्ला आजही कुठल्या तरी प्रॉडक्शनच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ठाण मांडून असतो आणि तो काढायची कोणाची छाती होत नाही. मला या सगळ्या विषयात एकच गोष्ट मध्यवर्ती वाटते. सर्व्हर हळू चालतो असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो चालतच नसतो. कोणाच्या तरी उत्तरासाठी ताटकळत उभा असतो. ते कोण, हे शोधून काढणे हेच ट्यूनिंगचे निम्म्याहून अधिक काम आहे.

थोडा इतिहास, धावता. ब्राउझर आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक मधला थर, म्हणजेच ॲप्लिकेशन सर्व्हर, हवा, जो सेशन सांभाळेल, ट्रान्झॅक्शन पुरी करेल, कनेक्शन जपून वापरेल, ही गरज नव्वदच्या दशकात वेब व्यापारात उतरल्यावर निर्माण झाली. वेबलॉजिक १९९५ मध्ये छोटी कंपनी म्हणून सुरू झाली. १९९८ मध्ये ती बीईएने घेतली आणि २००८ मध्ये बीईएच ओरॅकलने घेतली. आयबीएमचे वेबस्फिअर १९९८ चे. सन कंपनीने १९९९ मध्ये टॉमकॅटचा कोड अपाची फाउंडेशनला दिला, त्याच वर्षी जेबॉसचा जन्म झाला आणि डिसेंबरात जे-टू-ईई हे प्रमाण जाहीर झाले. आज तेच प्रमाण इक्लिप्स फाउंडेशनकडे जकार्ता ईई या नावाने नांदते आहे. नवे प्रकल्प स्प्रिंग बूटमध्ये होतात, पण त्याच्या पोटातही बहुधा टॉमकॅटच असतो. बँका, विमा आणि सरकारी खाती यांचे वेबस्फिअर-वेबलॉजिक अजून निवृत्त झालेले नाहीत. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या अशा सर्व्हरांची रात्रपाळी सांभाळणारी मुलेमुली हिंजवडी, खराडी, ऐरोलीत बसतात, म्हणून हा विषय मराठी घरांत वाटतो तितका परका नाही.

या विषयाचे खरे मूळ संगणकाच्या आधीचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. एरलांग नावाचा गणिती होता. किती फोन आले तर किती लाइन लागतील, या हिशेबावरचा त्याचा पहिला लेख १९०९ चा. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एका सूत्राची सिद्धता दिली. यंत्रणेत एका वेळी सरासरी किती विनंत्या असतात, तर दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. सूत्र इतके सोपे आहे की त्याचे वजन चटकन कळत नाही. आकडे घालून पाहू. सेकंदाला १०० विनंत्या येतात आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी आत सुमारे २० विनंत्या. टॉमकॅटला मुळात २०० थ्रेड, म्हणजे एका वेळी एकेक विनंती हाताळणारे कामकरी, दिलेले असतात, त्यामुळे काळजी नाही. आता डेटाबेसमध्ये कोणीतरी एक मोठा रिपोर्ट चालवायला घेतला आणि प्रत्येक विनंतीला २ सेकंद लागू लागले. येणाऱ्यांची संख्या तीच, १००. आत मात्र २०० जण झाले. थ्रेड संपले. यापुढे आलेला प्रत्येक जण दाराबाहेर, आणि कॉल सेंटरला फोन सुरू. भार एका विनंतीनेही वाढलेला नाही. ‘आज ट्रॅफिक जास्त होते का?’ हा मॅनेजरचा पहिला प्रश्न म्हणूनच अनेकदा चुकीच्या दिशेला नेतो.

रांगेच्या गणिताचा दुसरा धडा गर्दी किती झाली की काय होते याचा. तिकीटघराला एकच खिडकी आहे आणि कारकून निम्मा वेळ रिकामा असतो. अशा खिडकीवर लागणारा एकूण वेळ, प्रत्यक्ष तिकीट फाडायला लागणाऱ्या वेळेच्या साधारण दुप्पट होतो. कारकून ८० टक्के वेळ गुंतला की पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. माणसे एका ठरावीक अंतराने न येता कशीही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही तसाच कमीजास्त असतो, असे यात गृहीत धरलेले आहे. अर्थात सीपीयू ७० टक्क्यांवर आहे, अजून ३० टक्के जागा शिल्लक आहे, हा हिशेब फसवा. खिडक्या अनेक असल्या तर वक्र उशिरा वळतो, पण वळतो तेव्हा जास्त तीव्रतेने वळतो. ज्याला क्षमतेचे नियोजन करायचे आहे त्याने हा वक्र एकदा कागदावर हाताने काढावा. कोणत्याही टूलच्या प्रशिक्षणापेक्षा तो जास्त शिकवतो.

आता सगळ्यात जास्त रात्री जागवणाऱ्या भागाकडे येऊ: कनेक्शन पूल. डेटाबेसशी नवी जोडणी करणे महाग असते, म्हणून सर्व्हर काही जोडण्या तयार ठेवतो आणि विनंतीला लागेल तेव्हा उसन्या देतो. पूल भरला की विनंती थांबते. इथे सर्वांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: पूल वाढवा. ५० चे १००, १०० चे ३००. काही वेळा याने उलट होते. डेटाबेसच्या यंत्रात कोअर आहेत १६. तिथे ३०० जणांनी एकदम काम मागितले तर कोअर कामाऐवजी माणसे बदलण्यातच शिणतात, कुलुपांवर रांगा लागतात, मेमरीच्या कॅशमधली माहिती सतत बाहेर फेकली जाते. ओरॅकलच्या रिअल-वर्ल्ड परफॉर्मन्स गटाने याचे एक प्रात्यक्षिक केले होते. बाकी काहीही न बदलता फक्त पूल हजारोंवरून शंभराच्या आत आणला, आणि प्रतिसाद सुमारे १०० मिलिसेकंदांवरून २ मिलिसेकंदांच्या आसपास आला. हिकारी-सीपी या आजच्या सर्वात लोकप्रिय पूलची मूळ मर्यादा फक्त १० आहे. पोस्टग्रेसच्या वर्तुळात चालणारा ठोकताळाही तितकाच कंजूष: कोअरची दुप्पट, अधिक डिस्कची संख्या. कोणी हा आकडा सांगितला की मीटिंगमध्ये हसू येते. मोजून दाखवेपर्यंत.

पण पूल का भरला, हा प्रश्न आकड्याने सुटत नाही. त्यासाठी थ्रेड डंप घ्यावा लागतो. सर्व्हर अडकलेला असताना ‘किल मायनस थ्री’ किंवा जेस्टॅक चालवला की त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर उभा आहे याचा पंचनामा हातात येतो. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन घ्यायचे. एकाच डंपमधला थ्रेड योगायोगाने तिथे सापडलेला असू शकतो, तिन्हींत त्याच ओळीवर असला की तो अडकलेला. नेहमी दिसणारे चित्र असे असते. विनंत्यांचे २०० थ्रेड, त्यातले १९० ‘टाइम्ड वेटिंग’ अवस्थेत, ‘गेट कनेक्शन’ या ओळीवर. नवखा माणूस इथेच थांबतो आणि पूलचा आकडा वाढवायला धावतो. जाणता माणूस या १९० जणांकडे ढुंकूनही बघत नाही, उरलेले १० वाचतो, कारण जोडण्या त्यांच्याकडे आहेत. त्या दहांपुढे ‘रनेबल’ लिहिलेले असते, म्हणजे काम चालू आहे असे वाटावे. प्रत्यक्षात त्यांची सर्वात वरची ओळ ‘सॉकेट रीड’ची असते. सॉकेटवर उत्तराची वाट बघत बसलेला थ्रेडही जावा ‘रनेबल’च दाखवतो; या एका गोष्टीने किती जणांचे तास खाल्ले असतील, देव जाणे. आता आणखी चार ओळी खाली उतरायचे. सॉकेट डेटाबेसचा असेल तर प्रश्न एखाद्या क्वेरीचा. पण बरेचदा तो डेटाबेसचा नसतोच. ओटीपीचा एसएमएस पाठवणाऱ्या बाहेरच्या गेटवेचा असतो. कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडले, डेटाबेसची जोडणी घेतली, ती हातात धरूनच बाहेरच्या गेटवेला हाक मारली आणि त्या हाकेला टाइमआउट लावला नाही. जावाच्या जुन्या एचटीटीपी जोडणीत टाइमआउट सांगितला नाही तर तो शून्य धरला जातो, आणि शून्याचा अर्थ अनंत काळ. गेटवे आजारी पडला की दहा जोडण्या त्याच्या उशाशी बसून राहतात आणि ज्यांना ओटीपी नकोच आहे, फक्त शिल्लक बघायची आहे, असे १९० जण उपाशी राहतात.

यावर इलाज दोन: बाहेरची हाक ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढणे आणि प्रत्येक हाकेला टाइमआउट लावणे. टाइमआउटही चढत्या क्रमाचे असावे लागतात. आतल्या थराने बाहेरच्या थराच्या आधी हार मानली पाहिजे. ब्राउझर ३० सेकंदांत कंटाळून निघून गेला आणि सर्व्हर त्याच्यासाठी ६० सेकंद डेटाबेसला राबवत बसला, तर ते श्रम वायाच. त्यात माणसाने रिफ्रेश दाबला की तेच काम दुप्पट. वेबलॉजिक आणि वेबस्फिअर दोघेही १० मिनिटे अडकून पडलेल्या थ्रेडची लॉगमध्ये नोंद करतात. दहा मिनिटे! तोवर ग्राहक दुसऱ्या बँकेत खाते उघडून येईल. हा आकडा कमी करता येतो, आणि करावा.

आपल्याकडे सर्वाधिक प्रचलित ट्यूनिंग कोणते म्हणाल तर रिस्टार्ट मारणे. साइट पाच मिनिटांत वर येते, सगळे शाबासकी देतात. पण रिस्टार्टने पुरावा नष्ट होतो. थ्रेड डंप आणि हीप डंप घेतल्याशिवाय रिस्टार्ट नाही, एवढा एक नियम भिंतीवर चिकटवला तरी सपोर्ट टीमच्या पुढच्या कित्येक रात्री वाचतील.

गार्बेज कलेक्शनबद्दल एवढे लिहिले गेले आहे की मी हात आखडता घेतो. वापरून झालेली मेमरी आपोआप गोळा करण्याची कल्पना जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी १९५९ च्या सुमारास काढली. जावात ती आली तेव्हा गोळा करताना सगळे कामकाज थांबायचे, आणि मोठ्या हीपवर हे थांबणे कित्येक सेकंदांचे असायचे. दोन हजारच्या दशकात सीएमएस या कलेक्टरचे डझनावारी फ्लॅग पाठ असणे ही मुलाखतीत भाव खाण्याची गोष्ट होती. २०१७ मध्ये जावा ९ ने जी-वन हा कलेक्टर मुळातच लागू केला. थांबण्याचे त्याचे मूळ उद्दिष्ट २०० मिलिसेकंदांचे. २०२० मध्ये जावा १४ मधून सीएमएस काढून टाकला आणि त्याच वर्षी जावा १५ मध्ये झेड-जीसी प्रॉडक्शनसाठी खुला झाला, ज्याचे थांबे जवळजवळ जाणवतही नाहीत. त्याच्या बदल्यात सीपीयू आणि मेमरी थोडी जास्त लागते, फुकट काहीच नाही. माझ्या मते जीसीचे ट्यूनिंग आता हीपचा योग्य आकार, योग्य कलेक्टर आणि जीसी लॉग कायम चालू ठेवणे एवढ्यापुरते उरले आहे. त्यापुढे जाण्याआधी प्रोग्रॅम एवढा कचरा का करतो आहे हे बघावे. एक खाचखळगा मात्र ध्यानात असू द्या. हीप ३२ जीबीच्या खाली असेपर्यंत जावा पत्ते आखडून चार बाइटमध्ये ठेवते. ती रेषा ओलांडली की प्रत्येक पत्ता आठ बाइटचा होतो. ३१ वरून ३४ जीबीवर नेलेल्या हीपमध्ये म्हणूनच आधीपेक्षा कमी माल मावू शकतो.

मेमरीवरून आजच्या काळातला एक मासलेवाईक अपघात सांगतो. जावा काही सांगितले नाही तर यंत्राच्या मेमरीचा चौथा हिस्सा हीपसाठी धरते. कंटेनर आले तेव्हा जुन्या जावाला आपण डब्यात बंद आहोत याचा पत्ताच नव्हता. यंत्र ६४ जीबीचे, कंटेनरला दिलेत २ जीबी. जावा मात्र १६ जीबीची स्वप्ने रंगवत होती. दोनचा आकडा ओलांडला की लिनक्स कर्नल प्रोसेस सरळ मारून टाकतो. लॉगमध्ये अवाक्षर नाही, फक्त एक्झिट कोड १३७. २०१८ मध्ये जावा १० ने आणि त्याच वर्षीच्या जावा ८ च्या १९१ व्या अपडेटने ही दृष्टी सुधारली. सीपीयूची गोष्ट त्याहून छुपी आहे. कुबरनेटिसमध्ये कंटेनरला २ सीपीयूची मर्यादा लावली म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत मिळून २०० मिलिसेकंदांचा सीपीयू मिळतो. ८ थ्रेड एकदम धावले तर हा कोटा २५ मिलिसेकंदांतच संपतो आणि उरलेले ७५ सगळ्यांनी हात बांधून बसायचे. सरासरी सीपीयू ४० टक्के दिसतो आणि साइट आचके देत असते. हे थ्रॉटलिंगचे मीटर वेगळे असते आणि ते बघायला फारसे कोणी जात नाही.

सरासरीचा विषय निघालाच आहे. १०० विनंत्यांपैकी ९९ जणींना १०० मिलिसेकंद लागले आणि एकीला १० सेकंद, तर सरासरी येते १९९ मिलिसेकंद. डॅशबोर्ड हिरवागार. म्हणून शंभरातल्या ९५ व्या, ९९ व्या माणसाला किती वेळ लागला असे विचारायची पद्धत पडली. गूगलचे जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये या रेंगाळणाऱ्या शेपटीवर एक गाजलेला लेख लिहिला. त्यातला हिशेब असा: एक सर्व्हर शंभरातून एकदाच रेंगाळतो, पण एका पानासाठी अशा १०० सर्व्हरांना विचारावे लागते, तर ६३ टक्के पाने रेंगाळतात. मायक्रोसर्व्हिसेसची हौस भागवताना हा आकडा फार लोकांना आठवत नाही.

मोजण्यातली लबाडी आणखी एका ठिकाणी असते, आणि ती अझुल सिस्टिम्सचे गिल टेने यांनी चव्हाट्यावर आणली. लोड टेस्टचे टूल सेकंदाला १०० विनंत्या पाठवते आहे, प्रत्येकीला १ मिलिसेकंद लागतो, १०० सेकंद सगळे सुरळीत. मग सर्व्हर १०० सेकंद गोठतो. खऱ्या जगात त्या काळात १०,००० माणसे येऊन उभी राहिली असती. टूल मात्र आधीच्या विनंतीचे उत्तर आल्याशिवाय पुढची पाठवतच नाही, त्यामुळे त्याच्या वहीत १०,००० चांगल्या नोंदी आणि एकच वाईट. सरासरी ११ मिलिसेकंद! प्रत्यक्षात लोकांनी सोसलेली सरासरी २५ सेकंद आहे. जेमीटरचा अहवाल पीपीटीत चिकटवण्याआधी विनंत्या ठरल्या दराने जात होत्या की सर्व्हरच्या सोयीने, एवढे विचारावे. दुसरा प्रश्न डेटाचा. चाचणीच्या डेटाबेसमध्ये पाच हजार ओळी आणि प्रॉडक्शनमध्ये पाच कोटी असतील, तर इंडेक्स नसलेली क्वेरी चाचणीत पहिल्या नंबराने पास होते.

देखरेखीच्या साधनांची पिढी दर दहा वर्षांनी बदलली आहे. सुरुवातीला लॉग आणि सर्व्हर स्वतः देईल ते आकडे. १९९८ मध्ये लू सर्न यांनी वायली टेक्नॉलॉजी काढली. तिच्या इंट्रोस्कोपने चालू प्रोग्रॅमच्या बाइटकोडमध्येच घड्याळे बसवली, मूळ कोडला हात न लावता. सर्न यांनीच २००८ मध्ये न्यू रेलिक काढली आणि त्याच वर्षी ज्योती बन्सल यांनी ॲपडायनॅमिक्स, जी २०१७ मध्ये सिस्कोने ३.७ अब्ज डॉलरला घेतली. या किमतीवरून सर्व्हर कुठे अडतो या प्रश्नाचे उत्तर किती महाग आहे ते कळते. २०१० मध्ये गूगलने डॅपर या आपल्या यंत्रणेवर लेख प्रसिद्ध केला: प्रत्येक विनंतीला एक ओळखक्रमांक द्यायचा आणि ती जिथे जाईल तिथे तो बरोबर न्यायचा. त्यातून झिपकिन, येगर आणि २०१९ पासून ओपनटेलिमेट्री आले. आकड्यांसाठी प्रोमेथियस आणि ग्राफाना घरोघरी झाले. माझे आवडते साधन मात्र यातले नाही. जावा फ्लाइट रेकॉर्डर पूर्वी पैसे मोजून मिळायचा, २०१८ च्या जावा ११ पासून तो सर्वांना खुला आहे. प्रॉडक्शनमध्ये सतत चालू ठेवला तरी भार नगण्य, आणि थ्रेड कोणत्या कुलुपावर किती वेळ थांबला हे तो मिलिसेकंदात सांगतो. असे असून तो चालू असलेले सर्व्हर मोजकेच दिसतात. डॅशबोर्ड मात्र चाळीस-चाळीस असतात, आणि घटना घडते तेव्हा त्यातला नेमका कोणता उघडायचा यावरच पहिली वीस मिनिटे जातात.

मोजूनमापून, ट्यूनिंग करूनही जे उरते त्याचे सर्वोत्तम उदाहरण आपल्या घरचेच आहे. सकाळी १० वाजता एसीचे आणि ११ वाजता बिगर-एसीचे तत्काळ आरक्षण उघडते, आणि गणपतीच्या कोकण गाड्या आरक्षण उघडताच काही मिनिटांत भरतात. आयआरसीटीसीची ऑनलाइन तिकीटविक्री २००२ मध्ये सुरू झाली. २८ एप्रिल २०१४ ला नवी यंत्रणा आली तेव्हा क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० वर गेली. २२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. म्हणजे सर्व्हर सुधारले, भरपूर सुधारले. तरी माणूस चिडलेलाच, कारण अडचण सर्व्हरच्या संख्येची नाही. एका गाडीच्या त्याच मोजक्या बर्थसाठी हजारो जण एकाच सेकंदाला हात घालतात. कोणता बर्थ कोणाला, हा निर्णय कुठे तरी एकामागून एकच घ्यावा लागतो. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच मांडून ठेवले आहे: कामाचा ५ टक्के भाग जरी एकामागून एक करावा लागणारा असला, तरी कितीही यंत्रे लावा, वेग वीसपटीपलीकडे जात नाही. म्हणून रेल्वेने अलीकडे केलेले बदल बघा. तत्काळसाठी आधारची अट, पहिली ३० मिनिटे एजंटांना बंदी, बॉट ओळखून अडवणे. रेल्वेच्याच सांगण्यानुसार पहिल्या पाच मिनिटांतल्या लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत बॉटचे असत. हे सगळे दारावरचे उपाय आहेत आणि तांत्रिकदृष्ट्या तेच योग्य आहेत. आत घेऊन सगळ्यांना तीस सेकंद लटकवण्यापेक्षा दारातच ‘थोड्या वेळाने या’ सांगणारा सर्व्हर आतल्यांचे काम तरी पुरे करतो. व्यवसायाच्या लोकांना हे पटवणे कठीण जाते. ग्राहकाला नाही म्हणायचे त्यांच्या जिवावर येते.

क्लाउडवरच्या ऑटोस्केलिंगने हा प्रश्न मिटेल अशी आशा होती. ती अर्धीच खरी ठरली. सर्व्हरची संख्या ४ वरून ४० झाली, प्रत्येकाचा पूल २० चा, की डेटाबेसच्या दारात ८०० जोडण्या. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आहे. शिवाय नवा जावा सर्व्हर उठून, जेआयटी कंपायलरने गरम होऊन कामाला लागेपर्यंत तत्काळची गर्दी ओसरून गेलेली असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ बरोबर व्हर्च्युअल थ्रेड आले आणि २०० थ्रेडची जुनी मर्यादाच निकालात निघाली. हे थ्रेड इतके हलके की लाखोंनी काढा. वाट बघणारा थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडवरून उतरतो आणि दुसऱ्याला जागा देतो. नेटफ्लिक्सने ते टॉमकॅटवर चालवले आणि काही सर्व्हर गप्प झाले. प्रोसेस जिवंत, पण उत्तर नाही, अर्धवट मिटलेल्या सॉकेटांची संख्या चढत चाललेली. नेहमीचा थ्रेड डंप घेतला तर जावा निवांत बसलेली दिसली, कारण जेस्टॅकला व्हर्च्युअल थ्रेड दिसतच नाहीत. दुसऱ्या आज्ञेने डंप काढल्यावर हजारो थ्रेड सापडले, जन्माला आलेले पण धावायला जागाच न मिळालेले. यंत्राला ४ सीपीयू, म्हणून खाली खरे थ्रेडही ४, आणि चारही अडलेले: प्रत्येकावरचा व्हर्च्युअल थ्रेड ‘सिंक्रोनाइज्ड’ खंडात शिरून आतल्या कुलुपासाठी थांबला होता, आणि त्या खंडात असताना खाली उतरता येत नव्हते. कुलूप ज्याला मिळायचे त्याला धावायला खालचा थ्रेडच मोकळा नव्हता. अशा खंडातूनही उतरता येण्याची सोय मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये झाली. कुलूप होते ट्रेसिंगच्या लायब्ररीतले, विनंतीला किती वेळ लागला ते झिपकिनला कळवणाऱ्या.